घळीकाठची पंचवीस वर्षं : जमा आणि नावे

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात एका संस्थापक सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आठवणी, वेळ १० मिनिटे’ असं छापलेलं आहे. सचिवांनी मला बजावूनही सांगितलं, "काका, आठवणीच सांगा, हिशोब नको." पण मी चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. पंचवीस वर्षं झाली म्हटलं की माझं मन आधी ताळेबंदाकडे जातं. ताळेबंदाला दोन बाजू असतात. समारंभात आपण जमेची बाजू वाचतो आणि टाळ्या वाजवतो. मी आज दोन्ही वाचणार आहे. नावे बाजूची पहिली नोंद माझ्याच नावावर आहे, तेव्हा कुणी वाईट वाटून घेऊ नये.

नवीन पिढीला आपली संस्था कशी सुरू झाली हे ऐकून माहीत असेल. सुरुवात खरं म्हणजे भूकंपापासून आहे. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारी आणि सास्तूर ही नावं त्या दिवशी जगाला कळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा उमरगा भागातल्या एका शाखेत होतो. पुढं कित्येक महिने आमच्या काउंटरवर जे खातेदार यायचे त्यांच्या पासबुकावर वारसाचं नाव शोधायची पाळी यायची. कधी वारसही सापडायचा नाही. आपल्याकडची जुनी घरं म्हणजे दगडमातीच्या दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंडगार. पण त्या पहाटे ती माती माणसांच्या अंगावर आली.

त्यानंतर आमच्यासारख्या नोकरदारांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. घर पाहिजे ते कॉलमचं, आरसीसीचं. पण एकट्यानं प्लॉट घेऊन बांधायची ऐपत कुणाची नव्हती. शाळामास्तर, जिल्हा परिषदेतले क्लार्क, एसटीतले वाहक, पाटबंधारे खात्यातले एक ओव्हरसियर, दवाखान्यातल्या दोन सिस्टरबाई आणि आम्ही बँकेतले चौघं. असे बत्तीस जण जमलो. वर्गणी काढली आणि तेव्हाच्या उस्मानाबादच्या कडेला, आज ज्याला आपण अभिमानानं ‘आपली कॉलनी’ म्हणतो तो अडीच एकर मुरमाड माळ घेतला. स्वस्तात मिळाला. का मिळाला, तर मधून घळ गेलेली. कुणी तिला घळ म्हणतं, कुणी वगळ, कागदावर ती नाला आहे. गावातले लोक हसायचे, "त्या घळीत राहायला कोण जातंय हो? कोल्ह्याबरोबर संसार करायचा का?" कोल्हे आम्ही ऐकलेत, हे खरं आहे.

सहकारी संस्थाच का काढली, हेही सांगतो. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वतांनी गृहनिर्माण संस्था काढली. एकेकट्या पगारदाराला जे परवडत नाही ते दहा-वीस जणांनी मिळून करायचं, एवढीच त्यांची कल्पना. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. ही हवा आपल्यापर्यंत उशिरा पोचली, पण पोचली. आणखी एक व्यवहारातलं कारण होतं. प्लॉट एनए झालेला, लेआउट मंजूर झालेला असेल तरच बँक तो गहाण घ्यायची. एकेका सर्व्हे नंबरात गुंठ्या-गुंठ्यानं घेतलेल्या जागेवर कर्ज मिळत नव्हतं. संस्था नोंदवली, लेआउट पास झाला, आणि मग बत्तीस घरांना बत्तीस कर्जं मिळाली. त्यातल्या नऊ जणांचे कर्जाचे कागद मीच लिहून दिले होते. बत्तीसच्या बत्तीस कर्जं फिटली आहेत. ही जमेची पहिली ओळ. हिच्यावर टाळ्या वाजवायला हरकत नाही.

आता त्या लेआउटबद्दल. नियमाप्रमाणे दहा टक्के जागा मोकळी सोडायची होती, म्हणजे दहा गुंठे. रस्ते सोडायचे होते. आणि घळीचं काय करायचं, यावर आमची पहिली मोठी भांडणाची सभा झाली. बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की थोडी बुजवून आणखी दोन प्लॉट पाडू. दोन प्लॉट म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च कमी होणार. मीही त्याच बाजूचा होतो. आपले ओव्हरसियर साहेब उठले. बोलायला फार कमी. त्यांनी खिशातून टेप काढला आणि म्हणाले, "चला." सगळे गेलो. त्यांनी घळीची रुंदी मोजली, बारा फूट. खोली मोजली, पाच फूट. मग वरच्या टेकाडाकडे हात केला आणि म्हणाले, "ह्या उताराचं चाळीस एकराचं पाणी इथून जातं. आज नाही दिसत. ज्या दिवशी दिसंल त्या दिवशी तुम्हाला टेप लावायला वेळ मिळणार नाही." घळ जशी होती तशी सोडली. दोन्ही काठांना तीन-तीन फूट पट्टा मोकळा ठेवायचं ठरलं, कुणी बांधकाम करायचं नाही. ठराव इतिवृत्तात आहे. सूचक ओव्हरसियर साहेब, अनुमोदक मी. सभेला जाताना मी बुजवण्याच्या बाजूचा होतो आणि परत येताना अनुमोदक झालो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांनी मला एकदा आपल्या गावाचं भूगोल समजावून सांगितलं होतं. आपण बालाघाटाच्या डोंगररांगेवर बसलेलो आहोत. गावाजवळच धाराशिव लेणी आहेत, ती याच डोंगराच्या दरीत कोरलेली. ह्या डोंगराच्या एका अंगाचं पाणी तेरणेतून मांजरेला आणि पुढे गोदावरीला जातं. दुसऱ्या अंगाचं पाणी भोगावतीतून सीनेला, भीमेला आणि कृष्णेला मिळतं. म्हणजे आपण पाणी वाटणाऱ्या बांधावर राहतो. आपल्या वरच्या अंगाला कुणी नाही. दुसऱ्याच्या गावावरून वाहत येणारी नदी आपल्याकडे नाही. वरून जे पडतं तेवढंच आपलं, आणि तेही उतारानं निघून जातं. म्हणून पाऊस नसला की आपण लगेच कोरडे आणि जोराचा पडला की लगेच पळापळ. हे ज्याला कळलं त्याला आपल्या कॉलनीचे निम्मे प्रश्न कळले.

कोरड्या वर्षांबद्दल बोलतो. २०१२-१३चा दुष्काळ तुम्हाला आठवत असेल, पण त्याहून वाईट २०१५-१६चा. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. आपल्याकडे उजनीचं पाणी आलेलं होतं, म्हणून रेल्वेची वेळ आली नाही, पण नळाची वाट पाहण्यात आठवडा जायचा. संस्थेची सामाईक बोअर फेब्रुवारीतच भुसा टाकायला लागली. तेव्हा सभेनं ठराव केला की नवीन खासगी बोअर कुणी घ्यायची नाही, आणि ज्यांच्या चालू आहेत त्यांनी रोज एक तास सामाईक टाकीत पाणी सोडायचं. सोपा वाटतो ठराव. पण तहान लागल्यावर ठराव पाळणं अवघड असतं.

एका रात्री अकराच्या सुमारास बोअरची गाडी गेटवर आली. आपल्यातल्याच एका सभासदानं बोलावलेली. माझे जवळचे स्नेही. त्यांच्या घरी सुनेचं बाळंतपण होतं, माणसाची अडचण खरी होती. गेटवर आपल्या पाच-सहा बायका उभ्या राहिल्या. आरडाओरड नाही, शिवीगाळ नाही. एक वहिनी फक्त म्हणाल्या, "भाऊजी, बाळंतिणीला पाणी आम्ही घरटी एकेक घागर देतो. गाडी परत पाठवा." पण गाडी परत गेली नाही. सहाशे फुटांपर्यंत गेले आणि नुसता धुरळा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराशी घागरी ठेवलेल्या होत्या, मोजून एकवीस. माझे स्नेही दोन वर्षं कुणाशी बोलले नाहीत. नंतर तेच छतावरचं पाणी जिरवायच्या कामात सगळ्यात पुढे होते. घागरी कुणी ठेवल्या याची यादी कुणी केली नाही. मला वाटतं, संस्थेच्या कुठल्याही रजिस्टरात नसलेली ही सगळ्यात मोठी जमा आहे.

छताच्या पाण्याचा हिशोब मी तेव्हा फळ्यावर करून दाखवला होता, आज पुन्हा सांगतो, कारण अजून आठ घरांनी पाइप जोडलेला नाही. नावं घेत नाही, त्यांना माहीत आहेत. तुमचं छत एक हजार चौरस फूट आहे. वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरा. म्हणजे तुमच्या एकट्याच्या छतावर पासष्ट हजार लिटर पाणी पडतं. उडालेलं, वाहून गेलेलं वजा करून पन्नास हजार धरा. पाच हजार लिटरचा टँकर असतो, म्हणजे दहा टँकर. मे महिन्यात टँकरसाठी आपण किती मिनतवारी करतो ते आठवा. हे दहा टँकर दारात फुकट येतात आणि आपण त्यांना घळीत सोडून देतो. ज्या चोवीस घरांनी जोडणी केली त्यांच्यामुळे सामाईक बोअर आता एप्रिलपर्यंत साथ देते.

आता नावे बाजू. मगाशी म्हणालो तसं, पहिली नोंद माझी.

त्याच कोरड्या वर्षांत मुलानं गाडी घेतली. लावायला जागा नव्हती. माझा प्लॉट घळीच्या काठावर. घळीत पाणी म्हणजे काय हे चार वर्षं कुणी पाहिलं नव्हतं. येड्या बाभळी वाढलेल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. मी मागची भिंत पाडली आणि सरकवून नवीन बांधली. तीन फुटांचा मोकळा पट्टा तर घेतलाच, शिवाय घळीच्या आत चार फूट गेलो. मी तेव्हा संस्थेचा खजिनदार होतो. अनुमोदक म्हणून ज्या ठरावाखाली माझी सही होती, त्याच ठरावावर मी भिंत बांधली. कुणी काही बोललं नाही. का बोलावं? खजिनदारच करतोय म्हटल्यावर! वर्षभरात आणखी तिघांनी भिंती सरकवल्या. बँकेत आम्ही शिकवायचो की मॅनेजरनं नियम एकदा वाकवला की कॅशियर तो मोडतो. शिकवायला मी पहिला आणि विसरायला पण पहिला.

ओव्हरसियर साहेब तेव्हा थकले होते. एकदा संध्याकाळी काठी टेकत आले, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बारातले आठ राहिले." एवढंच. मी म्हटलं, "साहेब, पाणी कुठंय?" ते हसले आणि चहा घेऊन गेले. पुढच्या वर्षी ते गेले. आज इथं ते हवे होते.

मग ऑक्टोबर २०२०. कोरोनाचं वर्ष, सगळे घरात. परतीच्या पावसानं त्या महिन्याच्या मध्यात आपल्या जिल्ह्याला झोडपलं. सोयाबीन काढून ठेवलेली होती ती शेतातच वाहून गेली, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्या रात्री आपली घळ भरून आली. बारा फुटांत मावणारं पाणी आठ फुटांत कसं मावणार? ते माझ्या भिंतीला धडकलं आणि समोरच्या काठावरून उलटलं. माझ्या घरात थेंब आला नाही. पाणी गेलं मोरीच्या पलीकडे, जिथं आपली कॉलनी संपते आणि पत्र्याची दहा-बारा घरं आहेत तिथं.

त्या घरांत एक बाई शिवणकाम करतात. आपल्या निम्म्या कॉलनीच्या साड्यांना फॉल-पिको त्यांनीच केलेला आहे. पाणी त्यांच्या घरात कमरेपर्यंत आलं. ज्वारीचं पोतं भिजलं. शिलाई मशीन पाण्यात. सकाळी मी पाहायला गेलो तेव्हा त्या मशीनचं चाक फडक्यानं पुसत होत्या. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाल्या, "साहेब, दरसाल पाणी समोरून जातंय. औंदा तुमच्या भितीला अडून घरात आलं."

त्यांना भिंत दिसत होती. मला ती दिसत नव्हती, कारण मी तिच्या आतल्या बाजूला राहत होतो.

मशीन दुरुस्त करून दिली, ज्वारीचं पोतं दिलं, ते सोडा. त्याला मी भरपाई म्हणत नाही. आठवड्यानं कार्यकारिणी बसली. अतिक्रमणाची नोटीस चौघांना काढायचं ठरलं. आमचे सचिव आजारी, त्यामुळे नोटिशीवर सही खजिनदाराची. म्हणजे नोटीस काढणारा मी, आणि पहिली नोटीस घेणाराही मी. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवरही माझीच सही. ती प्रत संस्थेच्या फायलीत आहे, ज्यांना हसायचं असेल त्यांनी जरूर पाहावी. मुलगा म्हणाला, "बाबा, बाकीचे तिघं पाडतील मग आपण पाडू." मी म्हटलं, बांधताना आपण पहिले होतो. पंधरा दिवसांत भिंत पाडली आणि मूळ जागेवर घेतली. गाडी रस्त्यावर लावायला लागलो. महिन्याभरात उरलेल्या तिघांनीही भिंती काढल्या. कोर्ट नाही, निबंधक कार्यालय नाही, वकील नाही.

त्याचा उपयोग कधी झाला? गेल्या सप्टेंबरात, २०२५ साली. त्या दिवसांत परंडा आणि भूम तालुक्यांत काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. सीनाकाठची गावं पाण्यात, माणसांना बोटींनी, हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. जनावरं दावणीला बांधलेल्या जागी मेली, जमिनीची मातीच खरवडून गेली. आपल्याकडेही घळ काठोकाठ आली. रात्री दोन वाजता आपली पोरं बॅटऱ्या घेऊन मोरीवर उभी होती, अडकलेल्या फांद्या बांबूनं ओढून काढत होती. पण घळ बारा फूट होती. पाणी आलं तसं निघून गेलं. पत्र्याच्या घरात त्या रात्री कुणाला उठावं लागलं नाही.

आता आजचा विषय. सचिवांनी ‘नको’ म्हटलेला भाग इथून सुरू होतो, त्यांची क्षमा मागतो.

पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर ठराव आहे की रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त घळीत सिमेंटचे पाइप टाकून वर स्लॅब घालावा, आणि त्यावर पार्किंग आणि छोटा हॉल करावा. ठराव मांडणारी मंडळी तरुण आहेत, चांगली आहेत, आणि त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. बत्तीस घरांत आता चाळीसच्या वर चारचाकी आहेत. बारसं असो, तेरावं असो, मंडप रस्त्यात घालावा लागतो. घळीची घाण येते, डास होतात. हे सगळं मी मान्य करतो. मी स्वतः गाडीसाठी भिंत सरकवलेला माणूस आहे, मी कुणाला नाकं मुरडावीत?

फक्त माझा हिशोब ऐका. घळ बारा फूट रुंद, पाच फूट खोल. म्हणजे पाणी जायची वाट साठ चौरस फूट. प्रस्तावात तीन फूट व्यासाचे दोन पाइप आहेत. एका पाइपचं तोंड सात चौरस फूट, दोघांचे चौदा. साठाचे चौदा. चौथा हिस्साही नाही. माझ्या भिंतीनं एक तृतीयांश वाट अडवली होती तर कमरेएवढं पाणी आलं. इथं तीन चतुर्थांशाहून जास्त अडणार आहे. आता पाणी किती, ते पाहा. एक एकरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटर पाणी होतं. वरच्या चाळीस एकराचं एक कोटी साठ लाख लिटर. त्यातलं थोडं मुरेल, पण पूर्वी माळ होता तिथं आता प्लॉटिंग झालंय, डांबर झालंय, मुरणार कुठं? आणि पाइपाच्या तोंडाला एक बाभळीचं खोड आणि चार पिशव्या अडकल्या की चौदाचेही सात होतात. उघड्या घळीतली फांदी पोरांनी बांबूनं ओढली. स्लॅबखालची कोण ओढणार?

कुणी म्हणेल मोठे पाइप टाकू. इंजिनिअरकडून करून घ्यायचं तर खर्च आपल्या शिलकीच्या बाहेर जातो, मी पाहिलेलं आहे. शिवाय नाला ही आपल्या मालकीची वस्तू नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे जे ओढे-नाले कुणाच्या खासगी मालकीचे नाहीत ते शासनाचे. आपण त्याच्या काठचे राहणारे. परवानगीशिवाय स्लॅब टाकला आणि उद्या तोडायची नोटीस आली तर हॉलही गेला आणि पैसेही.

पण कायद्यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागते. आपण पाइप टाकले तर पाणी आधी आपल्याच घरात येईल असं नाही. मोरीच्या पलीकडे जाईल. ती माणसं आपली सभासद नाहीत. त्यांना आपल्या सभेत मत नाही. त्यांच्याकडे शेअर सर्टिफिकेट नाही. आपण हात वर करून ठराव पास करणार आणि त्यांच्या ज्वारीचं पोतं भिजणार, हा कसला सहकार?

आपल्याच जिल्ह्यात नळदुर्गला जाऊन पाहा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं चारशे वर्षांपूर्वी बोरी नदीवर भिंत घातली. तो बादशहा होता, त्याला कुणाच्या ठरावाची गरज नव्हती. पण त्याच्या कारागिरांनी भिंतीच्या पोटात पाणीमहाल केला आणि जास्तीचं पाणी जायला वरून वाटा ठेवल्या. त्यांनाच आपण नर-मादी धबधबा म्हणतो आणि पावसाळ्यात डबे घेऊन बघायला जातो. बादशहानंसुद्धा पाण्याला वाट ठेवली, म्हणून ती भिंत अजून उभी आहे.

नुसतं ‘नको’ म्हणून मी खाली बसणार नाही. माझ्या तीन सूचना आहेत, सभेत लेखी देणार आहे. एक, मोकळ्या जागेच्या कडेनं कुठल्या घरांना किती गाड्या लावता येतील याची आखणी करा, आणि एकापेक्षा जास्त गाड्या असणाऱ्यांकडून जास्त वर्गणी घ्या. माझ्या घरापासून सुरू करा, आमच्याकडे आता दोन आहेत. दोन, हॉलसाठी संस्थेच्या ऑफिसवर एक मजला चढतो का, ते इंजिनिअरला विचारा. तीन, घळीला दोन्ही काठांनी जाळी लावा, घाणीचं पाणी सोडणाऱ्या घरांनी शोषखड्डे करावेत, आणि दर वर्षी मृग निघायच्या आधी गाळ काढायचा खर्च अंदाजपत्रकात कायमचा धरा. स्लॅबच्या व्याजात हे सगळं होऊन पैसे उरतील.

आणि एक विनंती. विशेष सभेला या. गेल्या वार्षिक सभेला गणपूर्तीअभावी अर्धा तास थांबून पुन्हा सभा घ्यावी लागली. बत्तीसांतले अकरा आले होते. अकरा जणांनी हात वर केला तर घळ बुजते आणि एकवीस जण नंतर कट्ट्यावर म्हणतात, "आम्हाला कुणी विचारलंच नाही." माझी भिंत उभी राहिली ती याच गप्प बसण्यानं. मी त्याला खजिनदारकीचा मान समजत होतो. आज वाटतं, तेव्हा एखाद्यानं तोंडावर सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आपल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट लहान मुलांनाही माहीत आहे. संतमेळा जमला, आणि काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं, कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं. आम्ही बँकवाले त्याला ऑडिट म्हणतो. त्या ऑक्टोबरच्या रात्री माझ्या डोक्यावर थापटणं पडलं आणि मडकं कच्चं निघालं. त्या वेळी माझं वय सत्तरीला टेकलेलं होतं. उशिरा का होईना, कळलं.

त्या शिवणकाम करणाऱ्या बाई आज मागच्या रांगेत बसल्यात. नाव घेऊ नका म्हणाल्या, म्हणून घेत नाही. कार्यकारिणीनं त्यांना आणि मोरीपलीकडच्या सगळ्या घरांना आज जेवणाचं आमंत्रण दिलं, याबद्दल अध्यक्षांचे मनापासून आभार. तसंच विशेष सभेत त्यांच्यापैकी एकदोघांना बोलायला पाच मिनिटं द्यावीत. मत नसेल, पण बोलणं ऐकायला कायदा अडवत नाही.

जे आज नाहीत त्यांची आठवण करून थांबतो. ओव्हरसियर साहेब, पहिले अध्यक्ष असलेले मास्तर, दोन सिस्टरबाईंपैकी थोरल्या, आणि कोरोनात गेलेले आपले तिघं जण. त्यांनी टाकलेल्या पायावर आपण बसलो आहोत.

आणि हो, साहेबांचा तो टेप त्यांच्या मुलानं मला आणून दिलाय. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मोरीपाशी घळ मोजायची आहे, वरपासून खालपर्यंत. टिकाव, खोरी, टोपली आणा. गाळही निघेल. चहा माझ्याकडून.